चार प्रोजेक्ट हाताशी, एक हातात

माझ्या लॅपटॉपवर सध्या चार प्रोजेक्ट आहेत. छपाईच्या जुन्या (डीटीपी) फाँटांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणणारा प्रोग्राम हा पहिला. आमच्या वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका त्या फाँटांत अडकून पडल्या आहेत. त्याच वाचनालयाची पुस्तकसूची हा दुसरा. तिसऱ्यात वडिलांच्या वहीतल्या पावसाच्या नोंदी तक्त्यात आणि आलेखात येतात, आणि चौथा आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या काढतो. चारही पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहेत आणि एकाचेही कुणी पैसे देत नाही. दिवसा मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात असते. या कामांना मिळतो तो वेळ रात्री जेवणं उरकल्यावरचा आणि रविवार सकाळचा.

"एकच काहीतरी धर आणि तडीस ने" हा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. नोकरीतल्या कामाला तो लागू पडतो. हौसेच्या कामाला पडत नाही असं माझं ठाम मत आहे, कारण हौसेचे प्रोजेक्ट एकमेकांना पोसतात. फाँटाच्या कामात देवनागरी अक्षरं साफ करण्याचा जो भाग लिहिला, त्याच्याच जोरावर पुस्तकसूचीतला शोध चालतो. पावसाच्या आलेखासाठी तारखांची जी आकडेमोड शिकले, ती पावत्यांमध्ये थकबाकीचे दिवस मोजायला उपयोगी आली. एकच धरून बसले असते तर ही देवाणघेवाण झालीच नसती.

पण चार कामं एकदम सांभाळायची तर शिस्त लागते. ती नसेल तर कशातलाच तुकडा पुरा होत नाही, आणि वर्षभर राबूनही आपण होतो तिथेच आहोत असं वाटत राहतं. हे वाटणं जास्त घातक, कारण बहुतेक वेळा ते खोटं असतं आणि त्या खोट्यापायी माणसं चांगलं चाललेलं काम सोडून देतात. मी या दोन्हींवर काय करते ते इथे सांगते.

वहीत तीन खाने

कागदाची वही घ्या. ॲपमध्ये यादी ठेवली की ती बघायला फोन हातात घ्यावा लागतो, आणि मग यादी राहते बाजूला. प्रत्येक प्रोजेक्टला एक पान द्या. पानाच्या वरच्या बाजूला एवढंच लिहा: हे कुणासाठी आहे, त्या माणसाला यातून नेमकं काय मिळायला हवं, आणि सध्या ते कुठल्या खान्यात आहे. खाने तीन: हातात, हाताशी आणि पड.

हातात एका वेळी एकच. हाताशी जे आहेत त्यांत नवं काही सुरू करायचं नाही, पण वापरणारं कुणी अडलं तर दुरुस्ती करायची. सोसायटीच्या खजिनदारांचा फोन आला, "ताई, पावतीवर मागची बाकी दोनदा येतेय बघा," तर त्याच रात्री बघायचं, आणि तेवढंच करून बंद करायचं. 'पड' हा खाना मी आमच्या रानावरून घेतला. वडील एखादा तुकडा हंगामापुरता पड ठेवतात तेव्हा त्यांनी तो सोडून दिलेला नसतो; त्यात पुढे काय पेरायचं आणि कधी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. प्रोजेक्ट पड ठेवताना पानावर तारीख घाला, कारण लिहा आणि परत कधी उचलणार त्याची अट लिहा. "वेळ मिळाला की" ही अट नव्हे. "फेब्रुवारीत, मार्चअखेरच्या आधी" ही अट झाली.

माझ्या कामांना हंगाम आहेत आणि ते ओळखल्यापासून ओढाताण पुष्कळ कमी झाली. पावत्यांचं काम आर्थिक वर्ष संपत आलं की जोर धरतं. पावसाचं जून ते सप्टेंबर, म्हणजे रोज नवे आकडे येत असतात तेव्हा. कारखान्याचा गळीत हंगाम चालू असताना घरी यायला उशीर होतो आणि डोकंही थकलेलं असतं, म्हणून त्या महिन्यांत मी पुस्तकसूची हातात ठेवते; तिच्यात एका बैठकीत संपणारी छोटी कामं भरपूर निघतात. फाँटाच्या कामाला सलग विचार लागतो, त्याला उन्हाळा. तुमच्याकडे मुलांच्या परीक्षा असतील, ऑडिट असेल, गणपती असतील. आधी कॅलेंडर समोर घ्या आणि मग खाने भरा.

हातात एकच का, याला गणिताचा आधार आहे. रांगांच्या शास्त्रातला एक नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला: चालू असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे कामं पुरी होण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी वेळ. समजा तुमच्या हातून दोन आठवड्यांत एक तुकडा पुरा होतो. सहा तुकडे उघडे ठेवलेत तर प्रत्येकाला सुरू केल्यापासून सरासरी बारा आठवडे लागणार. दोनच ठेवलेत तर चार. कष्ट तेवढेच आहेत, पण बारा आठवड्यांपूर्वी एखादी गोष्ट अमुक पद्धतीनेच का करायची ठरवली होती, ते कुणाला आठवतं? मग तो विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, आणि वेगही घसरतो तो तिथेच.

तुकडा म्हणजे दुसऱ्या माणसाला वापरता येईल एवढं काम. "शोध सुधारणे" हा तुकडा नाही. "लेखकाच्या आडनावावरून पुस्तक सापडतं" हा आहे. वहीत दुसऱ्या प्रकारचंच वाक्य लिहायचं. एक तुकडा पुरा झाला की मग खुशाल दुसरा प्रोजेक्ट हातात घ्या, मधेच नको.

उठण्याआधीच्या चार ओळी

एका प्रोजेक्टवरून दुसऱ्यावर जाताना सगळ्यात जास्त वेळ खातं ते आठवणं. कुठली फाइल, कुठली ओळ, आपण काय करून बघत होतो. रात्री दीड तास मिळणाऱ्या माणसाचा अर्धा तास यातच गेला तर उरलं काय? म्हणून लॅपटॉप मिटण्याआधी चार ओळी लिहायच्या. झोप आली असली तरी लिहायच्या. माझ्या वहीतल्या अशाच एका रात्रीच्या ओळी जशाच्या तशा देते:

"चालू: रफार. 'वर्ग' बरोबर येतं, 'कीर्तिमान' चुकतं. वेलांटी आधी हलवली की रफार एकच पाऊल मागे जातो आणि त आणि वेलांटीच्या मध्ये अडकतो. पुढे: आधी रफार, मग वेलांटी. चाचणी लिहून ठेवली आहे, ती पडते आहे. तिथूनच सुरू करायचं."

यातली भानगड थोडी उलगडून सांगते, म्हणजे ओळींत किती तपशील हवा ते कळेल. जुन्या फाँटांत अक्षरं जशी दिसतात तशी, त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: 'कि'मध्ये आधी क आणि मग वेलांटी, 'वर्ग'मध्ये ग च्या आधी र आणि हलन्त. म्हणजे मजकूर आणताना वेलांटी पुढे सरकवायची आणि रफार मागे. त्यातही 'स्थिती'सारख्या शब्दात पहिल्या वेलांटीला एक अक्षर ओलांडून भागत नाही, सबंध 'स्थ' ओलांडावा लागतो. 'कीर्तिमान'मध्ये रफार आणि वेलांटी एकाच त वर येतात आणि कोण आधी हलणार यावर सगळं ठरतं. हे सगळं डोक्यात उभं राहायला मला त्या रात्री बराच वेळ लागला होता. त्यानंतर मध्ये पावत्यांचं काम आलं. परत आले तेव्हा त्या चार ओळी वाचल्या आणि लगेच कामाला लागले.

त्यात "चाचणी पडते आहे" असं आहे, ते मुद्दाम. चाचणी म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड; उत्तर चुकलं की ती पडते. एकट्याने काम करताना बैठक संपवावी ती पडणारी एक चाचणी मागे ठेवून, असं प्रोग्रामिंगवर लिहिणारे केंट बेक सांगतात, आणि मला या सल्ल्याचा फार उपयोग झाला आहे. पुढच्या वेळी चाचण्या चालवल्या की लाल ओळच सांगते, इथे बसा. कुणाबरोबर मिळून काम करत असाल तर मात्र हे करू नका. सामायिक कोड चालता ठेवूनच उठायचं.

कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या प्रोग्राममध्ये अर्धवट काम स्टॅश करून (तात्पुरतं बाजूला सारून) ठेवण्यापेक्षा वेगळ्या ब्रँचवर (कामाच्या वेगळ्या फांदीवर) "अर्धवट:" असं सुरुवातीला लिहून कमिट करा, म्हणजे तो बदल नोंदवा. स्टॅश डोळ्यांसमोर राहत नाही, महिन्याभराने त्याचा पत्ताही नसतो. एकीकडे मोठं काम उघडं असताना त्याच प्रोग्राममध्ये तातडीची दुरुस्ती आली तर गिट वर्कट्री वापरा. ती सोय २०१५ पासून आहे. त्याच रिपॉझिटरीची (प्रोजेक्टच्या गिटमधल्या साठ्याची) दुसरी ब्रँच वेगळ्या फोल्डरमध्ये उघडते आणि पहिल्याला हात लावावा लागत नाही. कमिटचे संदेश मी मराठीतच लिहिते, तुम्हीही लिहा. पुढे ते वाचायचे आहेत आणि आपल्या भाषेतलं लिखाण भरभर वाचून होतं. फाइलींची नावं मराठीत असतील तर गिट त्यांच्या जागी आकड्यांची रांग दाखवतं. 'कोअर डॉट कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' केली की नावं सरळ दिसतात.

रीडमी, म्हणजे प्रोजेक्टसोबतची माहितीची फाइल, तिच्या सुरुवातीला प्रोग्राम कसा चालवायचा, माहिती कुठे आहे आणि चाचण्या कशा चालवायच्या, एवढं लिहिलेलं असलंच पाहिजे. बाकी रीडमी सावकाश लिहा.

प्रगती कुठे बघायची

माझ्या मते माणसं प्रगती चुकीच्या जागी शोधतात. उरलेल्या कामांची यादी बघतात, आणि ती तर वाढतच जाणार, कारण जसजसं समजायला लागतं तसतशी करण्यासारखी आणखी कामं दिसायला लागतात. यादी लांबली हे बऱ्याचदा नजर वाढल्याचं लक्षण असतं.

गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर रोजच्या कामाचे जे हिरवे चौकोन दिसतात, त्यांवरही जाऊ नका. त्यात साधारणपणे मुख्य ब्रँचवर आलेलेच कमिट मोजले जातात, म्हणजे वेगळ्या ब्रँचवर महिनाभर केलेलं काम तिथे पोचेपर्यंत दिसतच नाही. वाचन, कागदावरची आखणी, वाचनालयात बसून लोक सूची कशी शोधतात ते बघणं, यातलं काहीच मोजलं जात नाही. सलग किती दिवस काम केलं हा आकडा पूर्वी गिटहबच्या प्रोफाइलवर दिसायचा. २०१६ मध्ये त्यांनी तो काढून टाकला, ते चांगलं केलं. कोडच्या ओळी मोजणं तर त्याहून फसवं. १९८२ मध्ये ॲपलमध्ये लिसा संगणकाचं काम चालू असताना दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरून मागत. तिथले प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांनी त्या आठवड्यात क्विकड्रॉ या पडद्यावर चित्रं काढणाऱ्या प्रोग्रामचा एक भाग नव्याने लिहून तो अधिक वेगवान केला होता आणि सुमारे दोन हजार ओळी कमी केल्या होत्या. त्यांनी फॉर्मवर उणे २००० लिहिलं.

मला खरी वाट सापडली ती संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्याकडे. गणिताची पुस्तकं सुबक छापता यावीत म्हणून त्यांनी १९७७ मध्ये टेक या प्रोग्रामचं काम सुरू केलं. आपल्या मोठ्या ग्रंथमालेचं लिखाण बाजूला ठेवून ते त्यात शिरले, म्हणजे त्यांच्याही पुढ्यात दोन कामं होतीच. १९७८ पासून त्यांनी टेकमध्ये केलेला प्रत्येक बदल आणि सापडलेला प्रत्येक दोष लिहून ठेवला. दहा वर्षांत साडेआठशेहून जास्त नोंदी झाल्या. १९८९ मध्ये त्यांनी त्या सगळ्या छापून प्रसिद्ध केल्या, आणि त्यांचे पंधरा प्रकार पाडून प्रत्येकाला एकेक अक्षर दिलं. पद्धतच चुकली त्याला एक, काही करायचं राहून गेलं त्याला एक, निव्वळ टंकलेखनाच्या चुकीला एक, अनपेक्षित परिणामाला एक. एवढा मोठा माणूस आपल्या कामातले दोष वर्गवारी करून जगासमोर ठेवतो, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

तशीच वही तुम्ही ठेवा. चारही प्रोजेक्टना मिळून एकच, कारण शिकणारे तुम्ही एकच आहात. प्रत्येक दोष सापडला की एक ओळ आणि एक अक्षर. मी पाच अक्षरं वापरते: ट म्हणजे टायपिंग, वि म्हणजे एखादा प्रसंग विचारात घ्यायचा राहिला, दे म्हणजे देवनागरीचा गुंता, र म्हणजे रचनाच बदलायला हवी, आणि न म्हणजे नवल, जे मला आधी ठाऊकच नव्हतं.

अशी वही वर्षभर चालली की मागची पानं उघडा. दोष कमी झालेले दिसतीलच असं नाही, पण त्यांची जात बदललेली दिसते. माझी सुरुवातीची पानं ट आणि वि यांनी भरलेली आहेत: कंस बंद नाही, रिकाम्या ओळीवर प्रोग्राम थांबला, तारखेत दिवस आणि महिना उलटे. आताच्या पानांवर दे, र आणि न जास्त. उदाहरण देते. 'वाऱ्यावर' या शब्दातला ऱ्य दोन तऱ्हांनी साठवता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने साठवलेलं पुस्तक सापडत नाही. हा प्रश्न पडण्यासाठी आधी सूची चालावी लागते, तिच्यात दोन ठिकाणांहून माहिती यावी लागते आणि शोधाचा निकाल बघून "इथे एक पुस्तक कमी आहे" असं खटकावं लागतं. पहिल्या वर्षी हा प्रश्न मला पडूच शकला नसता.

न मधली एक नोंद पावसाची आहे. वडिलांचे आकडे हवामान खात्याच्या आकड्यांशेजारी ठेवले तर ते एका दिवसाने सरकलेले दिसायचे. खात्यात सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस आधीच्या २४ तासांचा म्हणून त्या सकाळच्या तारखेला लिहितात. वडील तो आदल्या दिवसाच्या तारखेला लिहितात, कारण पडला तो काल. दोघांचंही बरोबर आहे. आता प्रोग्राममध्ये दोन्ही तारखा ठेवल्या आहेत. कोडच्या दृष्टीने हा बदल अगदी किरकोळ होता, पण पावसाची नोंद म्हणजे काय ते मला त्यातून कळलं. म्हणून माझ्या वहीत न ची प्रत्येक नोंद लाल शाईत असते.

वहीखेरीज आणखी एक गोष्ट करून बघा. वर्षापूर्वी सोडवलेला एखादा प्रश्न निवडा आणि जुना कोड न उघडता तो पुन्हा सोडवा. मी पुस्तकांच्या अकारविल्हे यादीचा घेतला होता. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे येतो, म्हणून साधी क्रमवारी लावली तर 'काळोख' हा 'कावळा'च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. जुन्या कोडमध्ये दोन नावं अक्षरागणिक ताडून बघणारी अटींची लांबच लांब माळ होती. नव्याने लिहिताना प्रत्येक नावाचं आधी वर्णमालेतल्या क्रमांकांच्या यादीत रूपांतर केलं आणि पायथनच्या नेहमीच्या क्रमवारीला ती यादी किल्ली म्हणून दिली. क्ष आणि ज्ञ शेवटी हवेत ही वाचनालयाची मागणीही त्याच तक्त्यात बसली. दोन्ही कोड शेजारी शेजारी उघडून वाचा. वर्षात काय कमावलं ते तिथे स्पष्ट दिसतं, कुणाला विचारावं लागत नाही.

वापरणाऱ्यांच्या बोलण्याकडेही कान असू द्या. वाचनालयातले काका पूर्वी फोन करायचे ते "अगं, उघडतच नाहीये" म्हणून. हल्ली विचारतात, "एकाच लेखकाची कुठली पुस्तकं गेल्या वर्षभरात कुणीच नेली नाहीत, ते निघेल का?" त्यांचं हे वाक्य मी त्या दिवशी तारखेसह वहीत लिहून घेतलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चारही प्रोजेक्टचा गिट लॉग (कमिटांची यादी) 'सिन्स' हा पर्याय देऊन महिन्यापुरता वाचा, दोषांची वही चाळा आणि गेल्या महिन्यात न जमणारं असं काय आता जमतं, ते वहीत लिहा. एखाद्या महिन्यात एकच ओळ निघेल. ती लिहा.

पुरं झालं असं कधी म्हणायचं

हौसेच्या प्रोजेक्टला शेवटची तारीख नसते, म्हणून तो पुरा झाल्याचं आपणच जाहीर करावं लागतं. पानावर सगळ्यात वर जे लिहिलं होतं, हे कुणासाठी आणि त्याला काय मिळायला हवं, ते मिळालं असेल तर प्रोजेक्ट पुरा झाला. गिटमध्ये त्याला टॅग (नावाची खूण) लावा, आवृत्ती १.० म्हणा, वापरणाऱ्याला कळवा. पुढे दुरुस्त्या होतील, त्याने पुरेपणाला बाध येत नाही. कनूथ यांनी टेकमध्ये नव्या सोयी घालणं थांबवलं आणि तेव्हापासून दुरुस्तीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीच्या क्रमांकात पाय (π) या गणितातल्या संख्येचा एकेक अंक वाढत जातो: ३.१, ३.१४, ३.१४१ असं.

जो प्रोजेक्ट आता नकोच आहे तोही नीट मिटवा. रीडमीत तारीख घालून तो का थांबवला ते लिहा, त्यातला कुठला भाग कुठल्या प्रोजेक्टमध्ये गेला ते लिहा आणि गिटहबवर तो अर्काइव्ह करा. मग तो फक्त वाचता येतो, चुकून बदलला जात नाही. वहीतलं त्याचं पान फाडू नका.

पावत्यांच्या प्रोग्रामला मी नुकताच १.० चा टॅग लावला. खजिनदारांना एक पानभर सूचना लिहून दिल्या, त्यांच्या शेजारी बसून एका महिन्याच्या पावत्या त्यांच्याच हातून काढून घेतल्या आणि माहितीची प्रत रोज कुठे ठेवायची ते दाखवलं. तुमचं काम दुसऱ्याच्या हाती देताना हे शेजारी बसणं चुकवू नका. कुठलं बटण त्यांना सापडत नाही ते तेव्हाच कळतं, आणि दोषांच्या वहीत पुढच्या नोंदी तिथूनच येतात.